मधली बाटली

माझ्या बायकोचा फोटो पहिल्यांदा पेपरात आला, त्या दिवशी मी तो पेपर चपलांच्या कपाटात अस्तर म्हणून घातला. फोटोची बाजू वर येईल असा. आता कशाला खोटं बोलू? जळत होतो मी. चांगला जळत होतो.

मी शेंडगे. घोडेखिंडीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होतो. परिचर हा कागदावरचा शब्द. सगळं कॉलेज मला मामा म्हणायचं. प्रोफेसर बदलले, प्रिन्सिपॉल बदलले, मामा तोच. पुढे मुलं सगळे प्रयोग पडद्यावरच करायला लागली, खऱ्या परीक्षानळ्या कुणाला नकोशा झाल्या आणि दोन हजार बेचाळीस साली प्रयोगशाळेला कुलूप लागलं. त्याच महिन्यात मी रिटायर झालो. भंगारात निघालेल्या सामानातून प्रिन्सिपॉलना विचारून मी एक वस्तू घरी आणली, नळाला लावायचा वीतभर पितळी पंप. आम्ही त्याला 'ओढ्या' म्हणायचो.

ओढ्याला वीज लागत नाही, मोटर लागत नाही. पोटात काही फिरत नाही. वरून नळाचं पाणी येतं आणि मध्ये एका निमुळत्या गळ्यातून जातं. रुंद जागेतून अरुंद जागेत शिरायचं तर पाण्याला पळावं लागतं. पाणी जिथं जोरात पळतं तिथं त्याचा दाब उतरतो, बाहेरच्या हवेपेक्षाही खाली. त्या गळ्याला बाजूनं एक नळी जोडली, की बाहेरची हवा तिच्यातून आत घुसते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे नळ सोडला की दुसऱ्या टोकाला ओढ तयार. मी हजार मुलांना हे समजावून सांगितलं असेल. प्रोफेसर सांगायचे ते फळ्यावर, मी सांगायचो ते बोट लावून. 'लाव बोट, बघ कसं ओढतंय.'

त्यात एकच भानगड. पाण्याचा जोर मध्येच गेला, तर खेळ उलटा होतो. जे एका बाजूला असायला हवं ते नळीतून दुसऱ्या बाजूला जातं. म्हणून ओढ्या आणि आपलं भांडं यांच्यामध्ये एक रिकामी बाटली ठेवायची. दोन भोकांचं बूच, एक नळी आत येणारी, एक बाहेर जाणारी. काय उलटं यायचं ते त्या बाटलीत येऊन पडतं, पुढे जात नाही. ही मधली बाटली. सगळं सुरळीत चाललं तर ती जन्मभर रिकामीच राहते आणि नवीन आलेला प्रत्येक प्रोफेसर पहिल्या दिवशी विचारतो, "मामा, ही मध्ये काय अडगळ?"

माझी बायको उज्ज्वला ब्लाउज शिवते. आमच्या घरात कात्रणं, दोऱ्याचे तुकडे आणि कापसाचा बारीक कीस असा भरलेला असायचा की डाळीला फोडणी दिली तरी त्यात एखादा धागा निघायचा. त्यात तिला दमा. झाडू हातात घेतला की अर्धा तास खोकत बसायची. वीज एव्हाना इतकी महागली होती की मोटरचा क्लीनर लावणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं.

पाण्याचं मात्र उलटं होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात परतीचा पाइप आला होता. मोरीतलं, बेसिनमधलं सगळं पाणी त्या पाइपानं खाली शुद्धीकरणाला जायचं, आणि उन्हावर चालणारे पंप ते पुन्हा टेकडीवरच्या टाकीत चढवायचे. नळाला चोवीस तास पाणी, तेही भरपूर जोराचं. नळ सोडून ठेवला तरी वाया काही जात नव्हतं.

एके सकाळी उज्ज्वला मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, तो तुमचा ओढ्या हवा ओढतो ना? मग कीस ओढेल का?"

मी हसलो. "अगं, तो प्रयोगशाळेतला आहे. त्याला कीस काय ओढायला लावतेस!"

"लावून तर बघा."

लावला. कूलरची जुनी नळी जोडली. फुर्रर्र आवाज झाला आणि शिलाई मशीनखालचा आठ दिवसांचा कीस नळीत गडप. उज्ज्वला लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं त्याच नादात होतो. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण इतके दिवस एका कामात दोघांनी डोकं घालून बसायची ही पहिलीच वेळ. नळीचं तोंड कसं असावं हे तिनं ठरवलं. परकराच्या झालरीसारखी रबराची झालर तिनं कातरून शिवली, त्यामुळे फरशी खरवडली जात नव्हती. काम झालं की नळीला वास मारायचा, म्हणून तिनंच नियम केला, नळीचं तोंड फेनेलच्या बादलीत बुडवून ठेवायचं. मी काय केलं? मी टोमॅटो सॉसची मोठी बाटली धुतली, तिला दोन भोकांचं बूच बसवलं आणि मध्ये जोडली.

"ही कशाला?" तिनं विचारलं.

"असू दे. असावी लागते," मी म्हणालो. तेव्हा नीट सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण एकतीस वर्षं मी हेच उत्तर देत आलो होतो.

तिनं त्या यंत्राला नाव दिलं पाणझाडू. शेजारच्या बायका बघायला आल्या, कुणीतरी व्हिडिओ टाकला, आणि महिन्याभरात एक कंपनी दारात आली. कंपनी म्हणजे निहार सबनीस नावाचा इंजिनिअर. पस्तिशीचा, गोरापान, बोलायला लोण्यासारखा. उज्ज्वला त्याला सर म्हणायची आणि आलं घालून चहा द्यायची. मला आलं घातलेला चहा मागून घ्यावा लागायचा.

सबनीसनं यंत्र उलटसुलट बघितलं आणि सॉसच्या बाटलीवर टिचकी मारली. "मामा, ही काढू या. बोजड दिसते. आत रबराचा छोटा पडदा बसवतो. पाणी उलटं फिरलं की पडदा आपोआप मिटेल."

मी म्हणालो, "पडदा ठीक आहे, पण..."

"मामा, आता चोवीस तास पाणी आहे. उलटं फिरायला ते जाणार कुठं?" तो हसला. उज्ज्वलाही हसली. त्यात तिचं काही वाईट मनात नव्हतं, आज कळतं. त्या दिवशी मात्र ते हसू मला झोंबलं.

तरीही मी बोललो असतो. खरंच बोललो असतो. पण त्याच आठवड्यात तिची मुलाखत झाली. सगळी आळी आमच्या घरात जमून पडद्याकडे बघत होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "उज्ज्वलाताई, ही कल्पना सुचली कशी?"

उज्ज्वला लाजत म्हणाली, "काही नाही हो. घरात एक पितळी तुकडा पडला होता..."

पडला होता! एकतीस वर्षं मी रोज ज्याला चिंचेनं घासून लखलखीत ठेवला, त्याचा झाला पितळी तुकडा. आणि तो आणला कुणी, तो चालतो कसा हे सांगितलं कुणी? तो आपला घरात पडला होता, आणि त्याच्या बाजूला बहुधा मीही पडलो होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. मनात एकच ठरवलं. आता त्या पडद्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. तिनं यावं, 'अहो, जरा बघा ना, हे बरोबर आहे का' असं एकदा विचारावं. मग सांगीन. विचारल्याशिवाय नाही.

ती विचारायला आली नाही. तिला वेळ कुठं होता? आज या गावात सत्कार, उद्या त्या गावात. आठ महिन्यांत एकट्या घोडेखिंडीत चार हजार पाणझाडू लागले. बाजारात लोक मला म्हणायला लागले, "तुम्ही उज्ज्वलाताईंचे मिस्टर ना?" एकतीस वर्षांचा मामा आठ महिन्यांत पुसला गेला.

कंपनीचं, पडदा बसवलेलं यंत्र घरी लागल्यावर दोन महिन्यांनी, ती एका सत्काराला गेली असताना, मी घरचा पाणझाडू उघडून बघितला. मला जे वाटत होतं तेच झालं होतं. रबरी पडद्याच्या कडेला कीस बसून घट्ट झाला होता. पडदा मिटत नव्हता. ज्या ज्या घरात पाणझाडू लागला तिथं हेच असणार. मी तो पडदा हातात धरून बराच वेळ बसलो. मनातल्या मनात म्हणालो, घ्या आता. बघा तुमचे सर. आणि जसा होता तसा परत बसवून टाकला. साफसुद्धा केला नाही.

संध्याकाळी उज्ज्वला आली, हातातली शाल खुर्चीवर टाकली आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अहो, काय झालंय तुम्हाला? हल्ली बोलत नाही. काही सांगायचंय का?"

हाच तो क्षण होता. ती विचारत होती. पण तिनं पडद्याबद्दल विचारलं नव्हतं, माझ्याबद्दल विचारलं होतं. आणि मला त्यातही अपमान दिसला.

"मी काय सांगणार?" मी म्हणालो. "मी आपला घरात पडलेला तुकडा. तुझे सर आहेत की सांगायला."

तिचा चेहरा पडला. ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. त्यानंतर आमचं बोलणं भाजी काय करू, दूध आणलं का, एवढ्यावर आलं.

फाल्गुनात नोटीस आली. टेकडीवरची टाकी धुवायची म्हणून रविवारी सकाळी साडेदहापासून पाणी बंद. चोवीस तासांचं पाणी आल्यापासून पहिल्यांदाच. त्याच रविवारी अकरा वाजता गावच्या सभागृहात उज्ज्वलाचा मोठा नागरी सत्कार होता. मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. ती हिरवी पैठणी नेसून दारात थांबली, म्हणाली, "आलात तर बरं वाटेल मला." मी पेपरातून डोकं काढलं नाही.

साडेदहाला नळ सूं सूं करून थांबला. आता बघा माणसाची सवय काय चीज असते. पूर्वी आमच्याकडे पाणी चार दिवसांनी यायचं. गेलेलं पाणी कधी येईल ते कळावं म्हणून गावातलं प्रत्येक घर नळ उघडाच ठेवायचं. खाली बादली, आणि कान नळाकडे. पाणी आलं की आवाज होणार. दोन वर्षांत ती सवय गेली असं वाटलं होतं. पण नळ थांबला तसा मी उठलो, काहीही विचार न करता पाणझाडूचा नळ पूर्ण उघडला आणि परत येऊन पेपर घेतला. मी! ज्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं!

दहा मिनिटांनी आवाज आला. पाणी येतानाचा नाही. सुर्र, सुर्र, कुणीतरी बशीतला चहा ओढावा तसा. मी मोरीत जाऊन बघितलं. फेनेलच्या बादलीतलं दुधट पाणी खाली खाली चाललं होतं. नळीचं तोंड बादलीत बुडालेलं, नळ उघडा, आणि नळ फेनेल पीत होता.

काय होत होतं ते मला लख्ख दिसलं. टाकीचा व्हॉल्व्ह वर बंद झाला होता. खालच्या आळीत लोक पाइपात उरलेलं पाणी काढून घेत होते. उतारावरच्या पाइपातलं पाणी खाली सरकत होतं, मागे पोकळी सोडत होतं, आणि ती पोकळी भरायला पाइप मिळेल ते ओढत होता. प्रयोगशाळेतला उलटा खेळ, फक्त आता सगळं गाव त्या नळीवर होतं. चार हजार घरं, उघडे नळ, बुडालेल्या नळ्या, कीस बसलेले पडदे. आणि हे सगळं उतरून खालच्या आळीच्या घागरींत पडणार.

मी नळ बंद केला, नळी उपसून फेकली. उज्ज्वलाला फोन लावला. सत्कार चालू, कोण उचलणार? पाणीपुरवठ्याला लावला, सुट्टीचा वार. मग अनवाणीच पळत सुटलो.

सभागृह तुडुंब भरलं होतं. स्टेजवर उज्ज्वला, शेजारी सबनीस, मागे फुलांची कमान. स्टेजच्या कडेला बेसिनच्या नळावर एक नवा कोरा पाणझाडू सजवून ठेवलेला, खाली फेनेलची बादली, तिच्यात नळीचं तोंड, बादलीलाही हार घातलेला. मी मधल्या वाटेनं ओरडत गेलो, "नळ बंद करा! सगळे नळ बंद करा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. मागून बाईचा आवाज आला, "आजसुद्धा राहवलं नाही बघा. पोटात दुखतंय बायकोचं चांगलं झालेलं." आणखी चारजण हसले. त्यांचं काय चुकलं? माझ्या पोटात दुखत होतंच. गाव आंधळं नव्हतं. आठ महिने मी जे तोंड घेऊन हिंडत होतो, त्या तोंडानं आता खरं सांगत होतो, आणि त्या तोंडावर कुणाचा विश्वास बसणार?

सबनीस पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मामा, घरी बोलू. आजचा दिवस ताईंचा आहे."

मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती माझ्या पायांकडे बघत होती. अनवाणी, धुळीनं भरलेले. मी गुडघा दुखतो म्हणून घरी राहिलो होतो.

"उज्ज्वला," मी म्हणालो, "पडदा मिटत नाही. कीस बसतो. बघ."

मी सबनीसचा हात झटकला, नव्या यंत्राचा पडदा उघडून त्यात हारातला एक झेंडू चुरगळून भरला आणि नळ सोडला. नळातून थेंब आला नाही. एक क्षण काहीच झालं नाही. मग ती सुर्र सुरू झाली. माईक जवळ होता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेली. हार घातलेल्या बादलीतलं पांढरं पाणी हळूहळू उतरायला लागलं.

सबनीसचा चेहरा पांढरा पडला. पण सगळ्यांत आधी हलली ती उज्ज्वला. तिनं एका हातानं नळ बंद केला, दुसऱ्या हातानं बोलणाऱ्या पाहुण्यांच्या पुढ्यातला माईक ओढला.

"घरी फोन लावा," ती म्हणाली. आवाज जराही कापत नव्हता. "आत्ता. नळ बंद करा आणि पाणझाडूची नळी बादलीतून बाहेर काढा. खालच्या आळीत कुणी असेल त्याला सांगा, नळाचा थेंब तोंडात घालू नका. भरलेलं ओतून द्या. माझ्या यंत्रात चूक आहे. ऐकताय ना? चूक आहे. पळा!"

लोक पळाले. ती पैठणी खोचून स्वतः खालच्या आळीत दारोदार फिरली, मी तिच्या मागे. खालच्या आळीतल्या अकरा माणसांना उलट्या झाल्या, त्यांत सत्तरीच्या एक आजी चार दिवस दवाखान्यात होत्या. बाकी गाव वाचलं. दोन दिवस पाइप धुतले गेले.

दुपारी तीनला आम्ही दोघं आळीच्या टोकाला एका ओट्यावर बसलो. तिला धाप लागली होती. दम्याचा पंप तोंडाला लावून तिनं दोनदा श्वास घेतला. मग म्हणाली, "तुम्ही नसता आलात तर काय झालं असतं!"

मी पायांवरची धूळ झटकत राहिलो.

तिनं माझ्याकडे बघितलं. शिवण तपासताना बघते तसं. "पडद्यात कीस बसतो हे कधी कळलं तुम्हाला?"

थाप मारता आली असती. आजच कळलं म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता, उलट कौतुकच केलं असतं. पण त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

"भाद्रपदात," मी म्हणालो. "उघडून बघितला होता. परत तसाच लावला."

"म्हणजे सहा महिने."

"तू 'पडला होता' म्हणालीस," मी म्हणालो. बोलताना माझं मलाच ते फार क्षुल्लक वाटलं.

ती रागावली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर सोडून नीट केला आणि उठली. "चला. आजींना बघून येऊ."

आता प्रत्येक पाणझाडूत मधली बाटली असते. सबनीसनं स्वतः येऊन माझ्याकडून ती समजून घेतली, वहीत आकृती काढून. गेल्या महिन्यात कंपनीनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं. उज्ज्वला माईकवर म्हणाली, "ओढ्या माझ्या मिस्टरांनी आणला. तो कसा चालतो ते त्यांनी मला शिकवलं. ही बाटलीही त्यांचीच. एकतीस वर्षांचं काम आहे त्यांचं." जे ऐकायला माझे कान तरसले होते ते सगळं तिनं सांगितलं, शब्द न शब्द. भाद्रपदाबद्दल तिनं कुणाला सांगितलं नाही. मलाही पुन्हा बोलून दाखवलं नाही. माझा फोटो पेपरात आला तो तिनं नीट कापून भिंतीवर लावला.

फक्त एक नवीन झालंय. गॅसची नवी नळी बसवली, औषधाची बाटली आणली, रिक्षात बसायच्या आधी चाकाकडे नजर गेली, की ती थांबते आणि शांतपणे विचारते, "अहो, यात तुम्हाला काही माहीत आहे का? सांगायचं राहिलेलं?"

तिनं मला विचारावं म्हणून मी जीव टाकत होतो. आता ती दिवसातून चारदा विचारते.

"नाही," मी सांगतो. "काही नाही, खरंच."

ती मान हलवते. मग उठते, आणि स्वतः जाऊन एकदा बघून येते.